जर्मनीतले मोडके पूल, वाढता एएफडी आणि मत नसलेले आपण

नेकारकाठी

जर्मनीत राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींमध्ये राजकारणाचा विषय निघाला की दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणजे "आपल्याला काय करायचंय, टॅक्स भरा आणि गप राहा" आणि दुसरा "हा देश आता गेला, कॅनडाचं बघा". मला दोन्ही पटत नाहीत आणि खरं सांगायचं तर दोन्ही ऐकून त्रास होतो, म्हणून हा धागा. लांबलाय, पण जमलं तर पूर्ण वाचा आणि मग भांडा.

नवीन आलेल्यांसाठी आधी थोडक्यात. एसपीडी, ग्रीन आणि एफडीपी या तीन पक्षांचं सरकार ६ नोव्हेंबर २०२४ ला मोडलं, चान्सलर शोल्त्स यांनी अर्थमंत्री लिंडनर यांना काढलं, भांडण बजेटवरून. मग मुदतीआधी निवडणूक झाली २३ फेब्रुवारी २०२५ ला. सीडीयू-सीएसयूला २८.५ टक्के, स्थलांतरविरोधी अतिउजव्या एएफडी पक्षाला २०.८, एसपीडीला १६.४. एएफडी एका निवडणुकीत दुप्पट झाला. आणि मतदान ८२.५ टक्के होतं, त्यामुळे "लोक घरी बसले म्हणून असं झालं" ही पळवाटही नाही. पुढे ६ मे ला सीडीयूचे मेर्त्स चान्सलरपदासाठी उभे राहिले तर ३१६ मतं हवी होती, पहिल्या फेरीत ३१० पडली, गुप्त मतदानात स्वतःच्याच आघाडीतल्या लोकांनी दगा दिला. त्याच दिवशी दुसऱ्या फेरीत ३२५ मिळून निभावलं, पण युद्धानंतरच्या जर्मनीत असं आधी कधी झालं नव्हतं.

आता माझं म्हणणं. एएफडी वाढण्याचं खापर सगळे स्थलांतरावर फोडतात, एएफडी तर फोडतोच पण बाकीचे पक्षही तेच करतात. मला वाटतं मूळ दुखणं वेगळं आहे. सामान्य माणसाचा सरकारशी जिथे जिथे संबंध येतो, म्हणजे पूल, रेल्वे, शाळेची इमारत, कुठल्याही ऑफिसची अपॉइंटमेंट, तिथे तिथे गेली पंधरा वर्षं घसरण चाललीये आणि ती डोळ्यांना दिसते. माणूस चिडतो ते या घसरणीवर, आणि त्याला बोट दाखवून दिलं जातं ते आपल्याकडे.

ही घसरण आभाळातून पडलेली नाही. २००९ मध्ये राज्यघटनेत कर्जाला लगाम घालणारी तरतूद आली, केंद्राने साधारणपणे जीडीपीच्या ०.३५ टक्क्यांपेक्षा जास्त नवीन कर्ज काढायचं नाही. २०१४ ते २०१९ तर नवीन कर्ज शून्य, आणि याचा केवढा अभिमान होता! २०१९ मध्ये जर्मन सरकारला दहा वर्षांच्या कर्जावर उणे व्याज पडत होतं, म्हणजे पैसे देणारेच वर पैसे देत होते, तेव्हा पूल बांधले असते, रुळ बदलले असते तर आज हे दिवस नसते. तेव्हा नाही केलं. नगरपालिकांच्या रखडलेल्या कामांचा हिशोब सरकारी केएफडब्ल्यू बँकेच्या २०२५ च्या पाहणीत सुमारे २१६ अब्ज युरोवर गेला. ए-४५ महामार्गावरचा राहमेडेचा पूल डिसेंबर २०२१ मध्ये बंद झाला आणि २०२३ मध्ये सुरुंग लावून पाडला, त्या काळात सगळे ट्रक ल्युडेनशाइड गावातून जात होते, तिथल्या लोकांचं काय झालं असेल विचार करा. लांब पल्ल्याच्या गाड्या २०२४ मध्ये फक्त ६२.५ टक्के वेळेवर होत्या, तेही सहा मिनिटांच्या आतला उशीर उशीर धरतच नाहीत म्हणून. उशिरा आलेली जर्मन गाडी स्विस लोक बऱ्याचदा बाझलच्या पुढे घेतच नाहीत, प्रवाशांना तिथेच उतरून स्विस गाडी पकडावी लागते. हा तो देश ज्याच्या वेळेच्या गोष्टी आपण लहानपणी ऐकल्या!

नोव्हेंबर २०२३ मध्ये घटना न्यायालयाने ६० अब्ज युरो एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वळवणं रद्द केलं आणि तिथून शोल्त्स सरकारचा पाय घसरला तो घसरलाच. मेर्त्स यांच्या पक्षाने प्रचारात लगाम कायम ठेवायचीच भाषा केली. निकालानंतर महिन्याच्या आत, मार्चमध्ये, जुन्या संसदेत दोन तृतीयांश बहुमत मिळत होतं म्हणून तिलाच पुन्हा बोलावून घटनादुरुस्ती केली. संरक्षणखर्चाला जवळजवळ मोकळीक आणि पायाभूत सुविधांसाठी बारा वर्षांत ५०० अब्ज युरोचा फंड. मी या पैशाच्या बाजूची आहे, तो हवाच होता. पण ज्या पद्धतीने केलं त्याने "सगळे सारखेच खोटं बोलतात" म्हणणाऱ्याला आयता पुरावा मिळाला.

आणि मग ऑक्टोबर २०२५ मध्ये पॉट्सडामला मेर्त्स स्थलांतराबद्दल बोलताना म्हणाले की शहरांच्या चित्रात ही अडचण अजून दिसतेच. नेमकं काय म्हणायचंय असं विचारल्यावर, तुमच्या मुलींना विचारा, असं उत्तर दिलं. मला मुलगी आहे. ती इथल्या शाळेत जाते, सावळी आहे, आणि त्या आठवड्यात तिने जेवताना विचारलं की आपण पण त्या चित्रात आहोत का. तिला मी काय उत्तर दिलं ते इथे महत्त्वाचं नाही, पण सरकारच्या प्रमुखाच्या एका वाक्याने आठवी-नववीतल्या मुलांना हा प्रश्न पडतो हे त्यांच्यापर्यंत पोचायला हवं असं मला वाटतं. आणि ते पोचवायला आपल्याकडे मत नाही.

खरा मुद्दा इथे आहे. आपण टॅक्स देतो, पेन्शनचा हप्ता देतो, आरोग्यविम्याचा देतो, आजारी म्हाताऱ्यांचं बघतो, त्यांच्या कंपन्यांचं सॉफ्टवेअर लिहितो, आणि निवडणुकीच्या प्रत्येक पोस्टरवर विषय आपलाच असतो. आपण मात्र बोलत नाही. मला वाटतं आपण बोलायला हवं, आणि मत नसलं तरी त्याला वाटा आहेत. तुमचा अनुभव काय?

कसबा_पेठ

चांगला धागा. मी पुण्यातच असतो, जर्मनीशी संबंध म्हणजे चाकणच्या एका जर्मन कंपनीत नोकरी एवढाच. एक विचारायचं होतं. तिकडे अजून कागदावरच मतदान होतं ना? आपल्याकडे विधानसभेनंतर माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने डिसेंबर २०२४ मध्ये स्वतःहून मतपत्रिकेवर फेरमतदान घ्यायचं ठरवलं होतं आणि प्रशासनाने थांबवलं, आठवत असेल. तेव्हापासून आमच्या ग्रुपवर रोज भांडणं होतात. एवढा इंजिनियरांचा देश मशीन का वापरत नाही? मोजायला किती वेळ लागतो?

एल्बेवरून

ताई, लिहिलंय मनापासून आणि बरंचसं पटलं. पण मी ड्रेस्डेनमध्ये राहतो आणि पूर्वेकडची बाजू थोडी मांडतो.

आधी पुलाचं. आमचा कारोला पूल ११ सप्टेंबर २०२४ ला पहाटे तीनच्या सुमारास एल्बे नदीत कोसळला, काही मिनिटांपूर्वीच त्यावरून ट्राम गेली होती. गरम पाण्याची मोठी पाइपलाइन पण त्याच पुलावर होती, ती फुटली. कोणी मेलं नाही हे नशीब. पण हा पूल कर्जाच्या लगामामुळे पडला असं सरळ म्हणता येणार नाही. तो १९७१ चा, पूर्व जर्मनीच्या काळातला, आतल्या ताणलेल्या स्टीलला बांधकामाच्या वेळेपासूनच आतून गंज लागत होता, बाहेरून दिसायचा नाही. तीन भागांपैकी दोन दुरुस्त झाले होते, तिसऱ्याचा नंबर २०२५ मध्ये होता. म्हणजे काम चालू होतं, उशिरा चालू होतं.

आता लोकांचं. फेब्रुवारीत पूर्वेच्या पाचही राज्यांत एएफडी पहिला आला. गोर्लिट्झला तर जवळपास निम्मी मतं. बाहेरची मंडळी लगेच म्हणतात की पूर्वेचे लोकच तसे. माझा शेजारी कापडगिरणीत होता. १९९० नंतर ट्रॉयहांड नावाच्या संस्थेकडे पूर्वेच्या सुमारे साडेआठ हजार सरकारी कंपन्या आल्या, विकल्या किंवा बंद केल्या, आणि माणूस चाळिशीत एका फटक्यात निकामी ठरला. त्याची दोन्ही मुलं पश्चिमेला गेली. आता त्याच्या बहिणीच्या गावात डॉक्टर नाही, दुकान नाही, शनिवार-रविवार बस नाही. गिरणगावातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. तो मला परका मानत नाही, माझ्या आईबाबांना त्याने स्वतःच्या बागेतली सफरचंदं पिशवी भरून दिली होती. आणि तो एएफडीला मत देतो, मला तोंडावर सांगतो. म्हणतो, बाकी कोणाला मत दिलं तर बर्लिनमध्ये कोणी दचकत नाही.

मला त्याचं मत मान्य नाही, पण त्याला नाझी म्हणून मोकळं होणं मला जमत नाही.

नेकारकाठी

@एल्बेवरून, पुलाची दुरुस्ती मान्य, छान सांगितलंत. शेजाऱ्याबद्दलही समजतं. फक्त एकच म्हणते, राग समजून घेणं वेगळं आणि पक्ष समजून घेणं वेगळं. थुरिंगियात १ सप्टेंबर २०२४ ला हाच पक्ष ३२.८ टक्के घेऊन पहिला आला, तिथला त्यांचा नेता ब्यॉर्न ह्योके, त्याला नाझींच्या एसए दलाची घोषणा भाषणात वापरल्याबद्दल त्याच वर्षी कोर्टाने दंड केला. माणूस इतिहासाचा शिक्षक होता, घोषणा कुठली ते त्याला माहीत नव्हतं हे मला पटत नाही. तुमच्या शेजाऱ्याला बस हवी आहे. बस आणायचा प्लॅन या पक्षाकडे आहे का, हे त्यांना विचारा ना कधीतरी, तुम्ही विचारलंत तर ऐकतील असं वाटतं.

@कसबा_पेठ, तुमचा प्रश्न फार आवडीचा आहे. २००५ च्या निवडणुकीत इथे काही ठिकाणी मशीन होती. ३ मार्च २००९ ला घटना न्यायालयाने तो वापर घटनाबाह्य ठरवला. कारण मशीन हॅक झाली म्हणून नव्हे. कोर्टाचं म्हणणं असं की मतदान आणि मोजणीचे महत्त्वाचे टप्पे कुठलंही तांत्रिक ज्ञान नसलेल्या साध्या नागरिकाला स्वतः तपासता आले पाहिजेत. इतकंच. मला हे वाक्य फार मोठं वाटतं.

आणि मोजणी कोणीही बघू शकतं, नागरिक असायची पण अट नाही! फेब्रुवारीत मी मुलीला घेऊन तिच्याच शाळेत गेले. संध्याकाळी सहाला दार बंद करून परत उघडतात, म्हणजे मतदान संपलं, आता मोजणी बघायला कोणीही या. वर्गातली बाकं जोडून मोठं टेबल केलेलं. कुलूप काढून डबा त्या टेबलावर रिकामा केला, घड्या घातलेल्या कागदांचा ढीग झाला. आठ-नऊ जण होते, एक निवृत्त बाई, एक कॉलेजचा पोरगा, एक बेकरीवाले ज्यांच्याकडून आम्ही पाव घेतो. आधी सगळ्या मतपत्रिका उलगडून नुसत्या मोजल्या आणि मतदारयादीवरच्या खुणांशी जुळवल्या. मतपत्रिकेवर डावीकडे काळ्या छपाईत उमेदवार, उजवीकडे निळ्यात पक्ष, प्रत्येकाला दोन मतं. मग पक्षाप्रमाणे गठ्ठे लावले. एका कागदावर पक्षांच्याच रकान्यात दोन फुल्या होत्या, त्यावर सगळ्यांनी वाकून बघितलं, चर्चा केली, बाद ठरवला आणि वेगळा ठेवला. प्रत्येक गठ्ठा एकाने मोजला की दुसऱ्याने परत मोजला. एएफडीचा गठ्ठा बेकरीवाल्यांनी मोजला आणि त्याच काळजीने मोजला, कडा जुळवून. मग प्रमुखाने आकडे मोठ्याने वाचले आणि फोनवर पालिकेला कळवले. कोणी आवाज चढवला नाही, कोणी घाई केली नाही. मुलगी सगळा वेळ भिंतीला टेकून बघत होती, घरी आल्यावर म्हणाली मला हे काम करायचंय मोठी झाल्यावर. त्यासाठी मतदार असावं लागतं.

पूर्ण देशाचा प्राथमिक निकाल त्याच रात्री लागतो. अर्थात इथे मतदार सहा कोटींच्या आसपास आणि एकट्या महाराष्ट्रात विधानसभेला साडेनऊ कोटींच्या वर, त्यामुळे जसंच्या तसं उचला असं मी म्हणणार नाही. आणि कागद म्हणजे वाद नाहीत असंही नाही. बीएसडब्ल्यू पक्ष ४.९८ टक्क्यांवर अडकला, संसदेत जायला लागणाऱ्या पाच टक्क्यांना सुमारे साडेनऊ हजार मतं कमी पडली, त्यांनी फेरमोजणी मागितली. पण कागद जपून ठेवलेत, मागणीला अर्थ तरी आहे. मारकडवाडीच्या लोकांना नेमकं हेच हवं होतं, डोळ्यांसमोर मोजा.

सांगलीची_परिचारिका

मी नेहमी नुसती वाचते, आज लिहावंसं वाटलं. मी इथे नर्स आहे, नॉर्थकडच्या एका हॉस्पिटलात.

मी बीएस्सी नर्सिंग करून, बी-टू पातळीचं जर्मन करून आले. आल्यावर पदवीला मान्यता मिळायला इतका काळ गेला की त्यात मी मदतनीसाच्या पगारावर नर्सचंच काम केलं. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचे कागद, त्यांची शपथेवर केलेली भाषांतरं, सगळं दिलं, मग पत्र आलं की एका विषयाचे तास परत लिहून आणा. कुठल्या ऑफिसने ते नाव नाही घेत. एकीकडे ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीला येऊन सांगतात की भारतीयांसाठी कुशल कामगारांचे व्हिसा २० हजारांवरून ९० हजार करणार, आणि दुसरीकडे आलेल्या माणसाचा कागद टेबलावरून हलत नाही. नेकारकाठी ताई म्हणतात ती घसरण मी त्या पत्रांमध्ये बघितलीय.

वॉर्डातलं सांगते. टीव्हीवर बातम्या चालू असतात, म्हातारे पेशंट एकदम बोलून जातात की या परदेशी लोकांना हाकललं पाहिजे. मी तिथेच इंजेक्शन भरत असते. मग लक्षात येतं त्यांच्या आणि म्हणतात, तू नाही गं, तू आमची, ते दुसरे. आता ते दुसरे म्हणजे कोण? आमच्याकडे सीरियातले दोन डॉक्टर आहेत, जर्मनीत परदेशी डॉक्टरांमध्ये सगळ्यात जास्त सीरियाचेच आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये असाद पळाला आणि दुसऱ्याच दिवशी सीडीयूचे येन्स श्पान यांनी टीव्हीवर कल्पना मांडली की परत जाणाऱ्यांना विमान आणि हजार युरो द्या. त्या दिवशी त्यांच्यातल्या एका डॉक्टरांनी ड्युटी पूर्ण केली, चहा पण नाही घेतला, आणि जाताना मला म्हणाले की माझं घर अलेप्पोत नाहीये आता, इथे आहे.

"तू नाही गं" ऐकून पूर्वी मला बरं वाटायचं. आता वाटत नाही. आता मी म्हणते, आजी, मी पण तीच. शांतपणे म्हणते, हात धरून म्हणते. काहीजणी गप्प होतात, एक आजी रडल्या होत्या.

आइंडहोवनकर

@परिचारिका, तुमचा प्रतिसाद वाचून पोटात कालवलं.

नेदरलँड्सकडून थोडी भर. पहिली गंमतीची गोष्ट म्हणजे जर्मनीत २००५ ला वापरलेली ती मशीन डच कंपनीची होती, आणि इथेही तिच्यावर संशय आल्यावर बंदच केली. आता आम्ही परत कागद आणि लाल पेन्सिलवर.

"आम्ही" म्हणतोय कारण मी इथे मत देतो! भारतीय पासपोर्टवर. नेदरलँड्समध्ये सलग पाच वर्षं कायदेशीर राहिलात की नगरपालिकेला मत देता येतं, युरोपियन नसलात तरी. १९८६ पासून आहे हे. घरी पोस्टाने मतदानाचं कार्ड येतं, वेगळा अर्ज नाही. २०२६ ची पालिका निवडणूक १८ मार्चला. संसदेला नाही देता येत, पण घरांचा प्रश्न, सायकलमार्ग, शाळा हे सगळं पालिकेतच तर ठरतं. आमच्याकडे मागच्या वेळी उमेदवार दारावर आले होते, मला भाडं किती आहे विचारलं, लिहून घेतलं. त्या एका गोष्टीने शहराशी नातं बदलतं.

बाकी इथेही सगळं गोड नाही. स्थलांतरविरोधी नेता विल्डर्स २०२३ ला पहिला आला, ३७ जागा, सरकारात गेला, आणि जून २०२५ मध्ये स्वतःच बाहेर पडून ते पाडलं. २९ ऑक्टोबरच्या निवडणुकीत त्याचे २६ आणि मध्यममार्गी डी-६६ पक्षाचेही २६, मतांनी डी-६६ थोडा पुढे. म्हणजे लाट येते तशी ओसरतेही, इतकं तरी दिसलं.

जर्मनीत पालिकेचं मत का नाही हो?

म्युनिक_आयटी

सगळ्यांचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो. आपण इथे कोणी बोलावलं म्हणून आलो नाही, चांगल्या पगारासाठी आलो. पाहुण्याने घरच्या भांडणात पडू नये. आपल्याकडे मुंबईत परप्रांतीयांनी येऊन राजकारण केलं की आपणच चिडतो ना? मग इथल्या माणसाने चिडू नये असं कसं म्हणायचं? ज्याला मत हवं त्याने पासपोर्ट बदलावा. मी बदलणार नाही, मला परत जायचंय, गावाला जमीन आहे, सातबाऱ्यावर नाव आहे, ते घालवायचं नाही.

नेकारकाठी

@म्युनिक_आयटी, परप्रांतीयांचा मुद्दा काढलात ते बरं केलंत, माझ्याही डोक्यात तो सारखा येतो. मी पुण्यात वाढले, आमच्या सोसायटीचे वॉचमन नेपाळचे, बांधकामावरची माणसं बिहारची, आणि त्यांच्याबद्दल घराघरांत काय बोललं जायचं ते मला पाठ आहे. इथे आल्यावर तेच बोलणं दुसऱ्या भाषेत माझ्याबद्दल ऐकलं. यातून मी एवढंच शिकले की ते तिथेही चूक होतं. "आपण चिडतो म्हणून त्यांनाही चिडू द्या" असा निष्कर्ष मला नाही काढता येत.

आणि पाहुणा पेन्शनचा हप्ता भरत नाही.

जमिनीचं मात्र नीट बघा, बरेच जण या भीतीने अडतात. ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं त्यावर, शेतजमीन विकत घेता येत नाही हे खरं, पण ती एनआरआयलाही विकत घेता येत नाही. वारसाने आलेली राहते. जातं ते भारतातलं मत आणि सरकारी पदं, आणि ते जाणं लहान नाही, मी हलक्यात घेत नाही. जर्मनीने २७ जून २०२४ पासून दोन्ही पासपोर्ट चालतील केलं, आठऐवजी पाच वर्षांत नागरिकत्व देतात, पण आपला कायदा दोन पासपोर्ट मानत नाही, त्यामुळे आपल्याला एक सोडावाच लागतो. तीन वर्षांचा झटपट मार्ग होता तो ऑक्टोबर २०२५ अखेर बंद झाला. बाकी बी-वन पातळीचं जर्मन, नागरिकत्वाच्या परीक्षेत ३३ प्रश्नांपैकी १७ बरोबर, फी २५५ युरो.

आमच्या घरात मी अर्ज केलाय आणि नवऱ्याने केलेला नाही. तो म्हणतो, बाबांनी मला मतदानाला पहिल्यांदा हात धरून नेलं होतं ते मी सोडणार नाही. मी त्याला एकदाही आग्रह केला नाही. मला मात्र त्या वर्गात भिंतीला टेकून बघायचं नाहीये पुढच्या वेळी, मला टेबलापाशी बसायचंय.

@आइंडहोवनकर, श्लेस्विग-होल्स्टाइन आणि हांबुर्गने १९८९ मध्ये तसा कायदा केला होता, पण ३१ ऑक्टोबर १९९० ला घटना न्यायालयाने रद्द केला, मत फक्त जर्मन जनतेचं म्हणून. नंतर युरोपियन युनियनच्या नागरिकांना पालिकेत मिळालं. म्हणजे नुकताच रोमानियातून आलेला माणूस माझ्या पालिकेत मत देऊ शकतो, त्याला मिळालंच पाहिजे, पण मुलं इथे वाढवलेल्या मला नाही. हे बदलायला हवं असं मला ठामपणे वाटतं आणि त्यासाठी घटनाच बदलावी लागेल.

रूर_खोरे

नागरिकत्व नसेल तरी करता येण्यासारख्या दोन गोष्टी, त्या कोणी लिहिल्या नाहीत म्हणून लिहितो.

एक, नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालियात मोठ्या शहरांमध्ये इंटिग्रात्सिओन्सराट नावाने ओळखलं जाणारं स्थलांतरितांचं मंडळ असतं, पालिकेच्या निवडणुकीबरोबरच त्याचीही निवडणूक होते आणि परदेशी नागरिक मत देतात, उभेही राहतात. १४ सप्टेंबर २०२५ ला झाली. त्याच दिवशी पालिकांमध्ये एएफडी राज्यभरात साडेचौदा टक्क्यांपर्यंत गेला, पाच वर्षांपूर्वीच्या जवळपास तिप्पट, रूरच्या जुन्या कोळसा-पोलादाच्या शहरांत तर त्याहून जास्त. आणि आपले लोक? मी ओळखीच्या मराठी घरांत विचारलं, बहुतेकांनी ते पत्र जाहिरात समजून टाकून दिलं होतं. त्या मंडळाला फार अधिकार नाहीत हे मान्य, सल्ला देण्यापुरतंच आहे. पण पालिकेच्या समितीत बसून परदेशी कार्यालयाच्या अपॉइंटमेंटबद्दल प्रश्न विचारता येतो, उत्तर नोंदवून घेता येतं.

दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं. कंपनीतलं बेट्रीब्सराट, म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडलेलं मंडळ. पासपोर्ट कुठलाही असो, मत आहे, आणि सहा महिने नोकरी झाली असली तर उभं राहता येतं. देशभरच्या नियमित निवडणुका २०२६ मध्ये १ मार्च ते ३१ मे या काळात. नोकरकपात असो, ओव्हरटाइम असो, ड्युटीचं वेळापत्रक असो, मालकाला यांना विचारल्याशिवाय बरंच काही करता येत नाही. फोक्सवागनमध्ये डिसेंबर २०२४ ला २०३० पर्यंत ३५ हजार नोकऱ्या कमी करायचं ठरलं, पण कारखाने तडकाफडकी बंद करणं आणि सरसकट काढून टाकणं टळलं ते टेबलाच्या पलीकडे युनियन आणि बेट्रीब्सराट बसलं होतं म्हणून. या देशात खरी ताकद तिथे आहे, आणि तिथे आपल्याला कोणी अडवलेलं नाही.

सांगलीची_परिचारिका

@रूर_खोरे, हॉस्पिटलला पण लागू आहे का हे? आमच्याकडे आम्ही केरळसकट भारतातल्या आणि फिलिपिन्सच्या मिळून बऱ्याच जणी आहोत, आणि रात्रपाळ्यांचं वेळापत्रक आम्हाला कोणी विचारतच नाही. उभं राहायला किती जणांच्या सह्या लागतात?

रूर_खोरे

हॉस्पिटल कोणाचं आहे ते आधी बघा. कंपनी म्हणून चालत असेल तर बेट्रीब्सराट. सरकारी असेल तर पर्सोनालराट, आणि चर्चचं असेल तर त्यांचं वेगळं मंडळ असतं, एमएव्ही म्हणतात, नियम वेगळे. बेट्रीब्सराट असेल तर शंभरच्या वर कर्मचारी असलेल्या ठिकाणी मतदार कर्मचाऱ्यांच्या विसाव्या भागाएवढ्या सह्या, पण कितीही मोठं हॉस्पिटल असलं तरी ५० पुरतात. निवडणूक समितीची सूचना नोटीस बोर्डावर लागते, त्यानंतर यादी द्यायला दोनच आठवडे मिळतात, म्हणून सह्या करणाऱ्या मैत्रिणी आत्ताच ठरवून ठेवा. रात्रपाळीच्या आधी धरा, नंतर कोणी थांबत नाही. व्हेर्डी युनियनचा माणूस तुमच्या जिल्ह्यात असेल, तो फॉर्म भरायला बसतो बरोबर. यादीचं पहिलं नाव तुमचंच द्या.